मांजरा नदी

मांजरा नदी : गोदावरीची उजव्या काठाने मिळणारी एक प्रमुख उपनदी. लांबी सु. ७२४ किमी. जलवाहन क्षेत्र सु. ३०,८४४ चौ. किमी. महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, गवळवाडी गावाजवळ, बालाघाट डोंगररांगेत स.स. पासून सु. ८२३ मी. उंचीवर ती उगम पावते. बीड, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) व लातूर या जिल्ह्यांतून सामान्यपणे पूर्वेस व आग्नेयीस वाहत जाऊन ती कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात व पुढे तेलंगण राज्यात शिरते. तेथे संगारेड्डी व मेदक परिसरात एक मोठे वळण घेऊन ती उत्तरवाहिनी होते आणि परत महाराष्ट्राच्या सीमेशी येते. नांदेड जिल्ह्यातील देगलूर व बिलोली या तालुक्यांच्या बाजूने काही अंतर राज्यसीमेवरून वाहिल्यावर कुंडलवाडी व पलीकडील कंदकुर्ती यांच्या परिसरात ती गोदावरीस मिळते. उगम महाराष्ट्रात, मधला प्रवाह दोन परराज्यांत आणि अखेर पुन्हा महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर, अशा या वळणदार मार्गामुळे तिच्या खोऱ्यात मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी या भाषा बोलणारे समाज शतकानुशतके एकत्र नांदत आले आहेत.

पुराणांत सह्य पर्वतातून निघणाऱ्या नद्यांमध्ये ‘वंजुला’ या नावाची नदी येते. ती हीच असावी असे अभ्यासक मानतात. ‘वंजरा’ हे रूपही जुन्या लेखनात आढळते. तेलंगणात या नदीस मंजीरा म्हणतात.

चौसाळा, रेणा, तावरजा, घरणी, तेरणा, लेंडी व मन्याड (मनार) या महाराष्ट्रातील, कारंजा ही बीदर जिल्ह्यातील व हळदी ही तेलंगणातील अशा तिच्या मुख्य उपनद्या होत. त्यांपैकी तेरणा निलंगा तालुक्यात औराद शहाजनीजवळ मांजरेस मिळते. लेंडी उदगीरच्या पठाराकडून येऊन मुखेड व देगलूर तालुक्यांतून वाहते, तर मन्याड कंधारवरून येते. मुखेड तालुक्याचा प्रदेश या दोन उपनद्यांमुळे मांजरेच्या व्यवस्थेत मोडतो. म्हणून मुखेडचा इतिहास व आजचे प्रश्न समजून घ्यावयाचे, तर मांजरेचे संपूर्ण खोरे डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

नदीचे स्वरूप : मांजरेचा वरचा व मधला प्रवाह दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या (बेसाल्टच्या) पठारावरून जातो, बीदरच्या आसपास जांभा खडकाचे थर आढळतात, तर खाली तेलंगणात ग्रॅनाइटी प्रदेश लागतो. खोऱ्यातील पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो. उगमाकडील भाग पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे तो कमी व अनिश्चित असतो आणि पूर्वेकडे नांदेडच्या बाजूस वाढत जातो. परिणामी नदीचे पात्र पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळ्यात बव्हंशी कोरडे पडते. वर्षभर नौकानयनास उपयोगी पडेल असा प्रवाह तिला कधीच नव्हता. गंगा किंवा गोदावरीचे मुख यांच्या काठी जसा नदीमार्गे व्यापार वाढला तसा तो येथे वाढणे शक्य नव्हते. मांजरेचे महत्त्व निराळ्या कारणांनी निर्माण झाले : तिने दिलेली काळी जमीन, काठावरील चारा व पाणी, उन्हाळ्यात सहज ओलांडता येणारे उतार आणि खोऱ्याच्या समतल भागातून जाणाऱ्या खुष्कीच्या वाटा. या नदीचा माल पाण्यावरून न जाता तिच्या काठाने गेला.

प्राचीन काळ : या खोऱ्यातील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन नगर म्हणजे तेरणेच्या काठचे तेर, प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासवर्णनात्मक ग्रंथात पैठणच्या पलीकडे सु. दहा दिवसांच्या वाटेवर असलेले एक मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तेथून जाडेभरडे कापड व मलमलीचे विविध प्रकार गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच (बॅरिगाझा) बंदराकडे जात, असे हा ग्रंथकार सांगतो. समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगर येथे येणारा मालही पुढे तिकडेच पाठविला जाई. यावरून पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या वाटेवरील हे एक संकलनकेंद्र असावे, असे दिसते. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार प्रतिपादिले. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. तेर येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य विशेष उल्लेखनीय आहे. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यापूर्वीच या नदीखोऱ्याचा संबंध भूमध्य समुद्राकाठच्या बाजारपेठांशी आला होता, याचा हा बोलका पुरावा होय. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह आता शासकीय वस्तुसंग्रहालयात जतन केलेला आहे. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात चापाकार चैत्यगृह होते, असे मानतात.

या नगरांच्या नावाला पुढे राजकीय प्रतिष्ठाही लाभली. शिलाहार राजे कोकणात व दक्षिण महाराष्ट्रात राज्य करीत असताही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, तर राष्ट्रकूट घराण्याच्या बिरुदांत ‘लत्तलूर’ या मूळ स्थानाचा निर्देश येतो. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. दोन राजघराण्यांनी दूर जाऊनही आपल्या नावामागे मांजरेच्या खोऱ्यातील गावे मिरवावीत, ही गोष्ट त्या काळी या प्रदेशास असलेल्या मानाची द्योतक आहे.

मन्याडच्या काठी कंधार येथे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (कार. ९३९–९६७) याच्या काळातील शिलालेख व वास्तूंचे अवशेष आहेत. येथील जगत्तुंगसमुद्र हा विस्तीर्ण तलाव राष्ट्रकूटकालीन जलव्यवस्थेची साक्ष देतो. पुढील कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लेंडी-मन्याडच्या परिसरात अनेक देवालये उभी राहिली. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील सिद्धेश्वर मंदिर आणि मुखेड येथील दशरथेश्वर मंदिर ही त्यांतील उल्लेखनीय होत. आज दुय्यम समजल्या जाणाऱ्या या गावांत एवढी शिल्पसमृद्धी आढळते, तिचे कारण काळ्या जमिनीचे उत्पन्न व कल्याणीसारख्या राजधानीचे सान्निध्य यांत शोधावे लागते.

मध्ययुग : बहमनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली. बीदरचे ठाणे मांजरेच्या मैदानावर नजर ठेवणाऱ्या जांभ्याच्या उंच पठाराच्या कडेवर आहे. नदी पायथ्याशी दूर असल्याने तिचे पाणी शहरास चढविणे अवघड होते. म्हणून इराणी पद्धतीचे भुयारी जलमार्ग (कारेझ) खोदून पठारातच मुरलेले पाणी नगरास व गडास पुरविण्यात आले. नौबाद येथील कारेझ आजही पाहावयास मिळतो. खालच्या खोऱ्याने धान्य व वैरण पुरवावी आणि पठाराने राजधानीचे रक्षण करावे, अशी ही विभागणी होती.

सैन्याच्या हालचालींनाही नदीकाठ सोयीचा पडे. हजारो घोडी, उंट व बैल घेऊन निघालेल्या फौजेला रोजच्या मुक्कामी पाणी व चारा लागे आणि तो नदीच्या आश्रयानेच मिळे. उदगीर-औसा परिसरात फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्याने निजामाचा निर्णायक पराभव केला आणि सु. साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख व दौलताबादसारखे किल्ले मिळविले. पुढे १७९५ मध्ये निजाम अलीखान बीदरहून मांजरेच्या काठाकाठानेच पश्चिमेकडे सरकला व ११ मार्च रोजी खर्डा येथे त्याचा पराभव झाला. एकाच खोऱ्याने साडेतीन दशकांच्या अंतराने अशा दोन मोहिमा पाहिल्या.

व्यापार व दळणवळण : लोहमार्ग येण्यापूर्वी या भागातील मालवाहतूक मुख्यतः लमाण (बंजारा) समाजाच्या बैलांच्या तांड्यांकडे होती. किनाऱ्याकडून मीठ आणावे, परतीच्या वाटेने धान्य, गळिताची धान्ये व कापूस न्यावा, लढाईच्या काळी फौजांना रसद पुरवावी, असा त्यांचा व्यवसाय होता. तांड्यांचे मार्ग नद्यांच्या उतारांना धरून आखलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्के रस्ते व आगगाडी आल्याने हा व्यवसाय बसला आणि लमाण समाज माळरानांवर स्थायिक होऊन शेती व मजुरीकडे वळला. मुखेड, कंधार व अहमदपूर तालुक्यांतील असंख्य तांडे या स्थित्यंतराची आठवण करून देतात. यांतील पुष्कळ कुटुंबे आता ऊसतोडणीसाठी दरवर्षी घराबाहेर पडतात. एके काळी माल घेऊन फिरणारा समाज आज स्वतःचे श्रम घेऊन फिरतो आहे.

बैल हे या खोऱ्याचे केवळ वाहतुकीचे साधन नव्हते, तर मोलाचा व्यापारी मालही होता. देवणी (जि. लातूर) या गावावरून ओळखली जाणारी देवणी आणि कंधारवरून ओळखली जाणारी लाल कंधारी या दोन गोवंशांचा विकास याच प्रदेशात झाला. देवणीत अंगावरील ठिपक्यांनुसार वानेरा, बालंक्या व शेवरा असे प्रकार मानतात. काळ्या भारी जमिनीच्या नांगरटीस व चिखलवाटांवर गाडी ओढण्यास हे बैल उपयुक्त ठरले. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणारी खंडोबाची यात्रा ही या जनावरांची, तसेच घोडे, उंट व गाढवे यांची मोठी बाजारपेठ आहे.

बार्शी लाइट रेल्वे या अरुंदमापी लोहमार्गाची शाखा १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि मांजरेच्या वरच्या खोऱ्यातील तूर, करडई, भुईमूग व कापूस यांना मुंबई इलाख्याचा बाजार खुला झाला. यापूर्वी हैदराबादेकडे पाहणारा हा मुलूख त्यानंतर पश्चिमेकडेही पाहू लागला. लातूरची आडत व डाळ-तेलाचा व्यवसाय या पायावर उभा राहिला. अलीकडील काळात सोयाबीन हे तेथील प्रमुख पीक व बाजारातील मुख्य माल बनले आहे.

नदीच्या पात्रावर चालणारे लहान व्यवसायही लक्षात घेण्याजोगे आहेत. हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर वाळूत चर खोदून टरबूज, खरबूज व काकडी यांच्या वाड्या करण्याचा उद्योग भोई व तत्सम समाज करीत. मासेमारी हा त्यांचा दुसरा आधार. काठावरील मळईत बुडकी खणून मोटेने पाणी काढीत व भाजीपाला पिकवीत. उन्हाळ्यात पात्रात झिरे उकरून गावाचे पिण्याचे पाणी मिळे. हे सर्व पात्रात साठलेल्या वाळूवर अवलंबून होते, कारण पावसाळ्यातील पाणी तीच धरून ठेवी. बिलोली व देगलूर तालुक्यांतील मांजरेची वाळू बांधकामासाठी उत्तम समजली जाते व तिला नांदेडप्रमाणेच तेलंगणातही मागणी असते. बेसुमार उपशामुळे पात्र खोल गेले, झिरे आटले आणि वाड्यांचा धंदा मागे पडला. महसूल देणारी वाळू आणि पाणी देणारी वाळू ही एकच असल्याने एकीचा लाभ घेताना दुसरीची हानी झाली.

लोकजीवन व रंजन : नदी हे ग्रामीण समाजाचे पहिले विरंगुळ्याचे स्थान. वाळलेल्या भोपळ्याच्या आधाराने डोहात पोहायला शिकणे, पुराचे पाणी पाहण्यास साऱ्या गावाने काठावर जमणे, पोळ्याच्या दिवशी बैलांना नदीत धुऊन सजविणे या गोष्टी खोऱ्यातील सर्व जातिधर्मांच्या लोकांना समान होत्या. पूल नसलेल्या ठिकाणी पावसाळ्यात गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडण्याची प्रथा होती; ती सोयीची तशीच धोक्याचीही होती. ग्रामदेवतांच्या जत्रांतील कुस्त्यांचे फड हे काठच्या गावांचे आणखी एक आकर्षण होय.

लातूर, धाराशिव व लगतच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येस साजरी होणारी वेळ अमावस्या (येळवस) हा या काळ्या जमिनीचा खास सण. रब्बी ज्वारी व हरभरा डोलत असताना घरोघरची माणसे शेतात जातात, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, उंडे व आंबील यांचे वनभोजन करतात. परगावी नोकरीस असलेले लोकही त्या दिवशी परततात. या सणात नदीची पूजा नसली, तरी पावसाळ्यानंतर काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीचा तो उत्सव आहे.

खालच्या प्रवाहात मेदकजवळ नदीचे अनेक फाटे एकत्र येतात तेथे येडुपायल येथील दुर्गेचे देवस्थान असून महाशिवरात्रीस तेथे मोठी जत्रा भरते. गोदावरी, मांजरा व हरिद्रा यांचा संगम म्हणून कंदकुर्ती हे स्नानाचे पवित्र क्षेत्र मानतात. तेथे महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांतील भाविक येतात. संगारेड्डीजवळील मंजीरा अभयारण्य (स्थापना १९७८) मगरींसाठी व हिवाळी पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून निजामसागराचा परिसरही सहलीचे ठिकाण बनला आहे.

पाण्याची अडवणूक व वाटणी : विसाव्या शतकात या नदीच्या इतिहासाला नवे वळण मिळाले. निजामाच्या राजवटीत १९०५ मध्ये मेदकजवळ घनपूर येथे बंधारा बांधून महबूब नहर व फतेह नहर हे कालवे काढण्यात आले. त्यानंतर १९२३–३१ या काळात नवाब अली नवाज जंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली निजामसागर हे मोठे धरण मांजरेवर उभे राहिले. त्याच्या सु. १५५ किमी. लांबीच्या कालव्याने निजामाबाद भागातील सु. पावणेतीन लाख एकर जमीन ओलिताखाली आणण्याची योजना होती. भाताबरोबर ऊस वाढला आणि बोधन येथे १९३० नंतरच्या दशकात निजाम साखर कारखाना निघाला. आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला गेलेला हा कारखाना २०१५ मध्ये बंद पडला.

याच काळात वरच्या, मराठी भागात मात्र मोठे धरण झाले नाही. याची काही कारणे भौगोलिक होती : तेलंगणातील तांबड्या जमिनीत भातासाठी तलावांची जुनी परंपरा होती, तर काळी जमीन ओल धरून ठेवीत असल्याने तेथे ज्वारी व कडधान्ये पावसाच्या पाण्यावरच येत. परंतु त्याचा परिणाम दूरगामी ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषिक राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाच्या एका सत्तेखालील हे खोरे तीन राज्यांत विभागले गेले. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यात आले, तर नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्याचा बराच भाग आंध्र प्रदेशात गेला. पाणी जेथून येते तो प्रदेश एका राज्यात व ते वापरण्याची सवय जडलेला प्रदेश दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती निर्माण झाली. अगोदरचा वापर हा हक्क मानावा, की उगमाकडील अविकसित प्रदेशाची गरज, हा प्रश्न त्यातून पुढे आला. १९६९ मध्ये नेमलेल्या गोदावरी जलविवाद लवादापुढे तो गेला. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला आणि न्या. र. स. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील या लवादाचा अंतिम निवाडा जुलै १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून निघाला होता व सिंचनाची मागणी तीव्र झाली होती. मन्याडवर बारूळ येथे निम्न मनार हे धरण १९६० नंतरच्या दशकात झालेलेच होते. मांजरेवर धनेगाव येथील मांजरा धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सु. २२४ दशलक्ष घ. मी. आहे. तेरणेवर माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्प झाला. खाली तेलंगणात सिंगूर जलाशय १९८० नंतरच्या दशकात पूर्ण होऊन मांजरेचे पाणी हैदराबादच्या नळांना जाऊ लागले. या धरणांच्या जोरावर वरच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाने निघाले व उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. वरच्या काळ्या रानांतून वाहून आलेल्या गाळाने निजामसागराची साठवणक्षमता बरीच घटली, हेही येथे नमूद केले पाहिजे. वरील भागातील माती न राखण्याची किंमत खालील भागाला अशी मोजावी लागली.

आपत्ती : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तेरणेच्या खोऱ्यात किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची घरे प्राणहानीस मुख्यतः कारणीभूत ठरली. अनेक गावे जुन्या जागा सोडून नव्याने वसविण्यात आली. नदी, पांढरी व गावरस्ते यांचे शतकानुशतके जुळलेले नाते त्यामुळे तुटले आणि वस्तीचा नकाशाच बदलला.

दुसरी आपत्ती पाण्याच्या अभावाची. पाठोपाठच्या अवर्षणांमुळे २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरात (लोकसंख्या सु. ३.८ लाख, २०११) पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सु. पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत सु. पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली व ऑगस्टपर्यंत हा पुरवठा चालला. ज्या लोहमार्गाच्या दिशेने एकेकाळी लातूरची तूर व करडई पश्चिमेकडे गेली, त्याच दिशेने आता कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी लातुरास आले. त्या वेळी लोकवर्गणीतून शहराजवळ मांजरेचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले. उसासारख्या बारमाही पिकास या खोऱ्यात किती जागा असावी, यावरील चर्चा तेव्हापासून अधिक नेटाने होऊ लागली. साखरेने रस्ते, शाळा व रोजगार आणले, हे खरे. परंतु धरणात दोन वर्षे पुरेल इतके पाणी नसेल तर त्यावरील पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, हे तत्त्व त्या उन्हाळ्याने अधोरेखित केले. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये याच धरणाचे दरवाजे उघडावे लागून काठची पिके पाण्याखाली गेली. अभाव व अतिरेक ही या नदीच्या स्वभावाची दोन टोके सहा वर्षांच्या आत अनुभवास आली.

मुखेड व लेंडी : मुखेड तालुक्यास या सर्व इतिहासाचा उत्तरार्ध प्रत्यक्ष भोगावा लागला आहे. लेंडी नदीवरील धरण हा महाराष्ट्र व आंध्र प्रदेश (आता तेलंगण) यांचा संयुक्त प्रकल्प असून तो १९८० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आला. देगलूर-मुखेडचा कोरडवाहू पट्टा व सीमेपलीकडील गावे यांना त्याचे पाणी मिळावयाचे आहे. तथापि बुडीत गावांचे पुनर्वसन, मोबदल्याचे वाद व वाढता खर्च यांमुळे तो अनेक दशके रेंगाळला. जमीन संपादित झालेली, पाणी न मिळालेले आणि नव्या गावठाणात पूर्णपणे न गेलेले, अशा स्थितीत एक संपूर्ण पिढी वाढली. १७–१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री या तालुक्यात अतिवृष्टी होऊन प्रकल्पक्षेत्रातील रावणगाव, हसनाळ इ. गावांत पाणी शिरले. त्यात मनुष्यहानी झाली, पशुधन वाहून गेले व बचावकार्यासाठी सैन्यास पाचारण करावे लागले. धरणाची भिंत उभी करणे व माणसांचे स्थलांतर पुरे करणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत आणि दुसरे मागे राहिल्यास पहिले लाभाऐवजी भयाचे कारण बनते, हा या घटनेचा धडा होय.

मूल्यमापन : मांजरेच्या खोऱ्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहता एक सूत्र स्पष्ट दिसते. नदीचे पाणी अल्प व लहरी असल्याने येथील लोकांनी दीर्घकाळ ते प्रत्यक्ष प्रवाहातून न घेता मातीतून, वाळूतून, तलावातून व भुयारातून घेतले. कंधारचा जगत्तुंगसमुद्र, बीदरचे कारेझ, मळईतील बुडकी, पात्रातील झिरे व काळ्या रानातील रब्बीची ओल या सर्व मुरलेल्या व साठविलेल्या पाण्याच्या व्यवस्था होत्या. तगरचे कापड, लातूरची डाळ व देवणीचे बैल ही समृद्धी त्यांवर उभी राहिली. विसाव्या शतकातील मोठ्या धरणांनी ओलिताचे क्षेत्र व नगरे वाढविली; परंतु त्यांबरोबर जुन्या व्यवस्थांकडे दुर्लक्ष झाले, वाळू गेली, गाळ साठला आणि तीन राज्यांतील शेते, कारखाने व शहरे एकाच मर्यादित साठ्याची वाटेकरी बनली. धरणे आता टाळता येण्याजोगी नाहीत. त्यांच्या जोडीला माती, वाळू व भूजल यांचे जतन, विस्थापितांचे वेळेवर पुनर्वसन आणि पाण्याच्या मानाने पिकांची निवड या तीन गोष्टी साधल्या, तरच मांजरा पुढील पिढ्यांनाही पूर्वीइतकीच उपकारक ठरू शकेल.